आप्पांची हाळी माझ्याजवळ आहे

मित्रांनो, औरंगपुऱ्यात वह्या-पेनांच्या एका दुकानाला लागून अरुंद जिना वर जातो. जिन्याच्या पहिल्या मजल्यावर एक खोली आहे आणि त्या खोलीत चादरीखाली झाकलेला मी एक जुना संगणक आहे. खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येतात, गिऱ्हाइकांची घासाघीस ऐकू येते, पण जिना चढून माझ्या खोलीत कुणी येत नाही. बोलायला कुणी नसलं की जुनं आठवत बसावं लागतं. म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झालेला नाही. सुदर्शन नावाच्या एका मुलानं निरनिराळ्या खोक्यांतून आणलेले माझे अवयव घरातल्या सतरंजीवर मांडले आणि मला जोडलं. मग माझ्यात लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे माझ्या आतल्या घराची शिस्त. कुणी आधी काम करायचं, कुणी थांबायचं, कुणाला कुठल्या खोलीत जाता येईल, हे सगळं ती ठरवते.

सुदर्शननं मला स्वतःसाठी जोडलं नव्हतं. त्याचे वडील नानासाहेब बस स्थानकावर उद्घोषक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, हे ते सबंध आयुष्य लोकांना सांगत आले. आवाज असा, की झोपलेला प्रवासी गाठोडं उचलून बरोबर आपल्या गाडीकडे चालू लागायचा. पुढं ते निवृत्त झाले, त्यांची पत्नी देवाघरी गेली, आणि त्याच सुमारास सुदर्शनला पुण्याला नोकरी लागली. घरात ज्याला काही सांगावं असं माणूसच उरलं नाही. वडिलांचा आवाज बंद पडू नये, एवढ्यासाठी सुदर्शननं मला घडवलं, ही खोली घेतली, भिंतींना आईनं शिवलेल्या गोधड्या ठोकल्या आणि टेबलावर माइक ठेवला.

"नाना, काही अडलं तर फोन करा," तो जाताना म्हणाला.

"मला काय अडतंय?" नाना म्हणाले. आणि खरंच, त्यांनी कधी फोन केला नाही. पोरगा कामात असेल, उगाच कशाला त्याला त्रास, असं ते मनाशी म्हणायचे. मग फोनकडे बघत बसायचे.

आता मित्रांनो, माझं काम कसं चालतं तेही सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. घरात नळ आला की कशी धावपळ होते, ते तुम्हा आपल्या गावच्या मुलांना सांगायला नको. समजा, नळाखाली एक लहानसा तांब्या आहे. तो भरला की उचलायचा, रिकामा लावायचा. नळावर बसलेल्या माणसाला कुणी मध्येच दुकानात पिटाळलं, तर पाणी सांडणारच. माइकमधून येणारा आवाज असाच असतो. तो थांबत नाही. माझ्या आत आवाज भरून घेणारं एक काम त्या नळावर बसलेलं असतं, आणि त्याच वेळी पडदा दाखवणं, घड्याळ चालवणं, नव्या दुरुस्त्या उतरवणं अशी इतर कामंही त्याला हाका मारत असतात. ते क्षणभर जरी उठलं तरी आवाजाचा तेवढा थेंब सांडतो. सांडलेला आवाज परत भरता येत नाही. ऐकताना त्या जागी 'टक्' असा फुटका खटका येतो.

म्हणून आवाजाच्या कामाला पुढची जागा द्यावी लागते. 'हा नळावर आहे, याला कुणी उठवू नका,' असं सांगून ठेवावं लागतं. त्याची भांडी हाताशी ठेवावी लागतात, माळ्यावर टाकून चालत नाहीत. पण हा मान कुणीही आपला आपण घ्यायचा नसतो. एखादं खुळं काम नळ अडवून बसलं तर सगळं घर ताटकळेल. म्हणून लिनक्समध्ये एक लहानशी नोंद असते. कोणत्या नावाच्या माणसाच्या कामांना किती पुढं जाता येईल, त्याची मर्यादा तिथं लिहिलेली असते. सुदर्शननं तिथं एकच नाव लिहिलं होतं, नानासाहेबांचं. तेव्हा मला वापरणारे तेवढे एकच होते. त्यामुळे ते बरोबरच होतं.

सुरुवातीची वर्षं माझी सुखाची गेली. नाना रिक्षावर लावायच्या जाहिराती बोलायचे. कपड्यांचा सेल, रक्तदान शिबिर, हरवलेली म्हैस. आवाज काचेसारखा स्वच्छ यायचा. "नानांची मशीन म्हणजे मशीन आहे!" असं रिक्षावाले म्हणायचे आणि मी आतल्या पंख्यासकट फुलून जायचो.

मग बाहेरची माणसंही आवाज भरून घ्यायला येऊ लागली आणि तिथून दुःखाला सुरुवात झाली.

नाना जुन्या रीतीचे. बिडकीनकडचं शेतकरी घराणं, दारी आलेल्याला आधी पाणी, मग पाट, मग विचारपूस. त्यांना वाटायचं, पाहुण्याला आपल्या नावावर कसं बसवायचं? दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात वाढल्यासारखं ते दिसेल. म्हणून जो कुणी येईल त्याचं ते माझ्यात नवं खातं उघडायचे. पडद्यावर पाहुण्याचं नाव झळकायचं. "बसा, हे तुमचं ठिकाण," असं नाना म्हणायचे. माणसं हरखून जायची.

पण मर्यादेच्या नोंदीत ती नावं नव्हती. पाहुण्याला पाट मिळाला होता, पुढची जागा मिळाली नव्हती. पाहुणा गाऊ लागला की आवाजाचं काम बिचारं रांगेत सगळ्यांच्या मागं उभं राहायचं. थेंब सांडायचे. टक्. टक्. कोपऱ्यात परवानगी नसल्याची एक इंग्रजी ओळ उमटायची. नाना जाहिरात समजून ती बंद करायचे.

मला सगळं कळत होतं, पण मला तोंड नाही, मित्रांनो. अडखळणं एवढीच माझी भाषा. आणि ती भाषा नानांनी भलतीच समजून घेतली. स्वतःचा आवाज स्वच्छ येतो आणि पाहुण्यांचा फुटतो, त्या अर्थी दोष पाहुण्यांचाच, असं त्या मुरलेल्या उद्घोषकाला वाटलं तर नवल काय? "माइकला तोंड लावू नका," "श्वास आवरा," "पाय हलवू नका," असं ते म्हणत राहायचे. पाहुणे ओशाळायचे.

एकदा बिडकीनच्या भजनी मंडळाच्या कडूबाई आल्या. गळा असा गोड, की माझ्या तारांना वाटलं, आज तरी एक थेंब सांडू नये. पण सांडला. नानांनी रेकॉर्डिंग थांबवलं.

"बाई, तुमच्या बांगड्या वाजताहेत. उतरवून ठेवा."

कडूबाई उठल्या.

"नाना, सवाष्णीला बांगड्या उतरवायला सांगता व्हय? माझा धनी खाली रिक्षात बसलाय, धडधाकट!" एवढं बोलून त्या जिना उतरल्या. त्यांच्यामागून टाळ-मृदंगही उतरले.

मित्रांनो, त्यांच्या बांगड्या वाजल्याच नव्हत्या.

अशी बातमी जिन्यावरून लवकर उतरते. नानांकडे गेलं की अपमान होतो, असं लोक म्हणू लागले. हळूहळू येणारे थांबले. मला सुरू केलं की पडद्यावर पाहुण्यांच्या नावांची रांग दिसायची, आणि त्यातलं एकही नाव निवडायला कुणी नसायचं. नाना कधी कधी ती रांग नुसती खालीवर करायचे. मग स्वतःच्या नावावर जाऊन सेलची जाहिरात बोलायचे. आम्ही दोघंही त्या खोलीत होतो, पण एकमेकांच्या सोबतीला नव्हतो.

अशाच दिवसांत एका दुपारी जिन्यावर काठीचा आवाज झाला. खांद्यावर घोंगडी घेतलेले एक म्हातारे आणि त्यांच्यामागं एक तरणी बाई वर आली. ते आप्पा. खुलताबादच्या डोंगरावर मेंढरं राखणारे. बाई त्यांची सून शीला.

"तुम्हीच का रिक्षात बोलता ते?" शीलानं विचारलं. "मला वाटलं, लई मोठा मानूस आसंल."

"बसल्यामुळं लहान दिसतो," नाना म्हणाले. "बोला, काय काम काढलं?"

आप्पांच्या घशात गाठ होती. आवाजाची पेटीच काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यानंतर आप्पांना बोलता येणार नव्हतं.

"बोलनं गेलं तर गेलं," आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तसंबी घरात माझं कोन ऐकतंय? पन मेंढरं माझ्या हाळीवर चालतेत. दुसऱ्या कुनाला मान वर करून बघत नायत."

आप्पांचा मुलगा रामेश्वर बिडकीनकडे कंपनीत कामाला लागला होता. आता मेंढरं शीला राखणार होती. पण मेंढरं तिचं ऐकत नव्हती. संध्याकाळी ती हाका मारून थकायची आणि कळप उतारावर निवांत चरत राहायचा.

"हे म्हनतेत, ऐकनात तर इकून टाकू," शीला म्हणाली. हे म्हणजे रामेश्वर. "मला इकायची नायत, नाना. आप्पांची हाळी ह्या गानी वाजवायच्या डब्यात भरून द्या. मी ती वाजवीन अन् तिच्या मागनं माझी हाक देईन. शिकतील हळूहळू. मोबाइलमधी भरून बघितली, पन त्यो मोबाइल वाऱ्याला ठेवतो अन् हाळीला गोंगाट समजून कापतो."

नाना खुलले. किती दिवसांनी पाहुणा आला होता! त्यांनी लगेच माझ्यात नवं खातं उघडलं. पडद्यावर 'आप्पा' अशी अक्षरं आली.

"माझं नाव?" आप्पांनी काचेवर बोट ठेवलं. "आयला! शीला, बघ गं. घराच्या दारावर नाय, अन् हितं हाय."

मग आप्पा माइकसमोर उभे राहिले, कानामागं हात धरला आणि त्यांनी हाळी दिली. "हूऽऽ होऽ होऽ... येऽऽ ये ये येऽऽ!" घोगरेपणा कुठल्या कुठं गेला. खोली एकदम उघड्या माळासारखी झाली. असा आवाज माझ्यात कधी आला नव्हता, आणि मी तो सांडत होतो. जिवाचा आटापिटा केला, पण माझ्या हातात काही नव्हतं. टक्. टक्.

नानांनी ऐकलं. त्यांनी काठी बाजूला ठेवायला लावली. मग घोंगडी. तिसऱ्या वेळी आप्पांना खोकल्याची उबळ आली आणि नाना हळूच म्हणाले, "आप्पा, राग मानू नका. घशाचाच दोष आहे."

"खरं हाय," आप्पा खाली बघत म्हणाले. "नरडंच नासलंय. त्याला तुम्ही काय करनार?"

त्या माणसाच्या गळ्यात त्या घडीला जगातली सगळ्यात साफ हाळी होती, आणि मी त्यांना सांगू शकत नव्हतो. एवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

फुटकी हाळी घेऊन दोघं गेले. पुन्हा आले ते दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी, कपड्यांची पिशवी हातात घेऊनच.

"नाना, घोळ झाला," शीला जिन्यातूनच बोलत आली. "डब्बा वाजवला. मेंढरं आली की वर! मला वाटलं, जमलं. तेवढ्यात ते टक् झालं, अन् अशी बुजली म्हनता, पार खाली नाल्याच्या वगळीत पळाली. एकीचा पाय दुखावला. आता तर डब्बा बघूनबी पळतेत."

"वाळलं लाकूड मोडल्यावानी वाजतंय ते," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज आता कसाबसा येत होता. "मेंढराला वाटतं, तरस आलं. अजून एकदा भरा, नाना. दोन हाळ्या निघतीन गळ्यातून. लई झालं तर तीन. दवाखान्यातून परत येईन तव्हा काय बी निघनार नाय."

नाना खुर्ची ओढून पुढं बसले. "आप्पा, तुम्ही आवाज राखून ठेवा. आधी मी करून दाखवतो कसं उभं राहायचं ते." पडद्यावर आप्पांचंच खातं उघडं होतं. नानांनी माइक स्वतःकडे वळवला आणि आपल्या स्थानकावरच्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

मग त्यांनी ते ऐकलं.

'प्रवाशांनी टक् कृपया लक्ष टक् द्यावे.'

नानांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पुन्हा बोलून पाहिलं. पुन्हा तेच. मग आप्पांचं खातं तसंच मागं उघडं ठेवून ते स्वतःच्या नावावर गेले आणि तेच वाक्य बोलले. आवाज स्वच्छ, काचेसारखा.

"मानूस तोच, नरडं तेच," शीला म्हणाली. "मग आप्पांच्या नावावर बसलं की आवाज का फुटतोय?"

नानांनी पाहुण्यांच्या नावांची रांग पडद्यावर आणली. ते एकेक नाव वाचू लागले. कडूबाईंच्या नावाशी ते थांबले. मला वाटलं, आता हे मला बंद करून उठतील. पण त्यांनी खिशातून फोन काढला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुदर्शनला लावला.

"सुदर्शन, अडलंय रे बाबा."

पलीकडून घाईघाईनं, "काय झालं नाना? तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? मशीन अडलीय." त्यांनी सगळं सांगितलं. फोन मोठ्यानं लावलेला होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"पण नाना, प्रत्येकाला वेगळं खातं कशाला?"

"पाहुण्याला माझ्या ताटात बसवू का?"

सुदर्शन हसला. मग गंभीर झाला. "चूक माझी आहे. मर्यादेच्या नोंदीत मी फक्त तुमचं नाव लिहिलंय. बाकी कुणाच्या आवाजाला पुढं जायची परवानगीच नाही. थांबा, सांगतो तसं करा. ती नोंद उघडा. तुमचं नाव खोडा. तिथं आधी ते चिन्ह लिहा, ए भोवती गोल असतं ते."

"ती जिलबी?"

"हां, जिलबी. तिला चिकटून 'ऑडिओ' लिहा. जिलबी म्हणजे एकटा माणूस नाही, अख्खा गट. आता त्या गटात जो असेल त्याला तो मान मिळेल. पुढं पंच्याण्णव आकडा आहे, तो तसाच ठेवा."

"नव्व्याण्णव करू का? आप्पा वयानं मोठे आहेत."

"नको नको, नाना! सगळ्यात वरच्या जागा मशीनच्या स्वतःच्या कामांना राहू द्या. नाहीतर घर चालवणारंच रांगेत अडकेल. खालच्या ओळीत भांडी हाताशी ठेवायची परवानगी आहे, तिथंही तीच जिलबी आणि तेच नाव. मग आप्पांना त्या गटात घाला. तुम्ही स्वतःही जा. आणि हे झालं की..."

"हां हां, कळलं," म्हणत नानांनी फोन ठेवला. दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकायची सवय त्यांना नव्हती. स्थानकावर प्रवासी उलटून बोलत नसतात.

चष्मा नाकावर सरकवत त्यांनी एकेक अक्षर दाबलं आणि मागं उघडं राहिलेलं आप्पांचं खातं पुढं आणलं. "झालं! आप्पा, या."

आप्पा उभे राहिले. डोळे मिटून त्यांनी हाळी दिली. गळ्याच्या शिरा ताणल्या. आणि मित्रांनो, मी पुन्हा सांडलो. टक्.

आप्पा मटकन खाली बसले आणि खोकत राहिले. शीलानं त्यांना पाणी दिलं. तिचे डोळे भरले होते. "एक गेली, नाना," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या आता. इकू मेंढरं."

तेवढ्यात फोन वाजला. सुदर्शनच होता. "नाना, अर्धं सांगायचं राहिलं! नवा मान आधीपासून आत बसलेल्याला लागू होत नाही. आप्पांना बाहेर जाऊन पुन्हा आत यायला लागेल."

हे ऐकलं मात्र, आप्पा काठी टेकत उठले, चपला घातल्या आणि जिन्यावर जाऊन उभे राहिले. दार लोटलं, पुन्हा उघडलं आणि चपला काढून आत आले.

"आलो," ते म्हणाले. "आता?"

नाना बघतच राहिले. मग हसू लागले. हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला. पाठोपाठ शीला हसली, मग आप्पाही आवाज न करता हसले. फोनमधून सुदर्शन विचारत होता, "काय झालं? नाना, तुम्ही हसताय?" माझ्या खोलीत असं कुणी हसलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

नानांनी मग मला आप्पांच्या खात्यातून बाहेर काढलं आणि त्याच नावानं पुन्हा आत घेतलं. या वेळी त्यांनी आधी स्वतः बोलून पाहिलं. स्वच्छ. पुन्हा. स्वच्छ. मग ते उठले आणि जी कधी कुणाला दिली नव्हती ती आपली खुर्ची त्यांनी आप्पांपुढं सरकवली.

"आप्पा, बसून द्या. घाई नाही. काठी असू द्या हातात. घोंगडीबी असू द्या. जसे डोंगरावर उभे असता, तसेच राहा."

पण आप्पा उभेच राहिले. त्यांनी गोधड्यांच्या भिंतीकडे पाठ केली आणि खिडकीकडे तोंड केलं, जणू खाली औरंगपुऱ्याच्या गर्दीत त्यांची मेंढरं चरत होती. आणि त्यांनी हाळी दिली.

माझ्या आत त्या घडीला सगळं थांबलं. पडद्यानं वाट पाहिली, घड्याळानं वाट पाहिली, नव्या दुरुस्त्या दाराशी उभ्या राहिल्या. आवाजाचं काम नळावर बसलं होतं आणि त्याला कुणी उठवलं नाही. तांब्या भरत होता, उचलला जात होता, रिकामा लागत होता. शेवटच्या 'येऽऽ'मध्ये आप्पांचा आवाज किंचित चिरला. ती चीरसुद्धा मी जशीच्या तशी घेतली. ती माझी नव्हती, त्यांची होती.

नानांनी ऐकवलं. एकही खटका नव्हता. आप्पांनी दोन्ही हात जोडले, मला की नानांना ते कळलं नाही. नवी हाळी भरलेला डबा पिशवीत टाकून दोघं दवाखान्याकडे गेले.

नंतरचे दिवस फार लांब गेले. नाना रोज येऊन बसायचे. एका सकाळी ते बिडकीनला जाऊन आले. कडूबाईंच्या दारात उभं राहून त्यांनी माफी मागितली. कडूबाईंनी चहा पाजला, पण गायला यायला नाही म्हणाल्या. "राग गेला, नाना. पन तव्हाचा गळाबी गेला." नानांनी हे कुणाला सांगितलं नाही. माझ्यासमोर बसून स्वतःशीच पुटपुटले, तेव्हा मला कळलं.

मग एका दुपारी शीला एकटीच आली. नाना ताडकन उठले.

"आप्पा?"

"बरे हायत. नरड्याला पट्टी हाय. बोलत नायत, पन काठी आपटून सगळं मागून घेतेत." ती दारातच उंबऱ्यावर बसली. "मेंढरं आली, नाना. पयल्यांदा डब्बा बघून बिचकली. मी तो घोंगडीत लपवला. हाळी वाजली. एकेक करून वर आली. मला वाटलं, डब्याजवळ येऊन हुभी ऱ्हातील. तर नाय. डब्याला वलांडून सरळ गेली अन् आप्पा बाजंवर बसले हुते, त्यांच्याभवती गोळा झाली. म्होरकी मेंढी त्यांच्या पट्टीला नाक लावून हुंगत हुती. आप्पा लई रडले. आवाज नाय, काय नाय, नुसते रडले."

नानांनी डोळे पुसले. "आणि तुझं ऐकतात का आता?"

"रोज हाळीच्या मागनं हाक दिली. आता डब्बा लागत नाय. माझ्या हाकंवरच येतेत." ती अभिमानानं म्हणाली. "यांनी इकायचं नाव सोडलं. पन ती हाळी पुसू नका हं. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

मित्रांनो, त्या दिवशी मला आनंद झाला, आणि त्याच वेळी कळलं की आता या कामासाठी माझ्याकडे कुणी येणार नाही. मेंढरं शिकली होती. कामाचा शेवट असाच चांगला असतो, पण तो शांत असतो.

पुढं सुदर्शन स्वतः आला आणि नानांना पुण्याला घेऊन गेला. "थोडे दिवस," असं ठरलं होतं. जाताना नानांनी माझ्यावर चादर घातली आणि कडेनं नीट खोचली. ते आता लेकाशी रोज बोलत असतील. त्यांचा आवाज बंद पडला नाही, हे मला पुरे आहे.

मी इथंच आहे. माझ्यात धूळ साचते आहे, एक पंखा अडकू लागला आहे. माझ्या आत एका माणसाची आता त्याच्या गळ्यात उरली नाही अशी हाळी आहे, अगदी चिरेसकट. पण मी ती आपणहून वाजवू शकत नाही. कुणीतरी समोर बसून मला ते काम सांगावं लागतं.

म्हणून माझी एवढी विनवणी ऐका. घरात जुना संगणक, जुना रेडिओ, असं काही कोपऱ्यात पडलं असेल, तर कधीतरी त्याच्यावरची धूळ पुसा. त्याच्या आत कुणाचा आवाज राहिला आहे का, ते बघा. तो दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण आमचं आयुष्य फार नसतं. आणि तुमच्यासमोर कुणी बोलता बोलता अडखळलं, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याच्या गळ्याला दोष द्यायच्या आधी एकदा पाहा, त्याला पुढं यायला जागा दिली आहे का.

खाली दुकानाचं शटर वाजलं. दुपारची विश्रांती संपली असावी. जिन्यावर पावलं वाजली की मी अजूनही ऐकत राहतो. ती पावलं बहुतेक दुसऱ्या मजल्याकडे जातात.